नसलेल्या पुस्तकांचे लेखक

आमटे कुटुंबाची पुस्तकं आमच्या वाचनालयात एकाच कप्प्यात आहेत. बाबांचं ‘ज्वाला आणि फुले’, साधनाताईंचं ‘समिधा’, विकासभाऊंचं ‘आनंदवन प्रयोगवन’, प्रकाशभाऊंची ‘प्रकाशवाटा’ आणि ‘रानमित्र’. त्यांच्याच शेजारी विलास मनोहरांची ‘नेगल’ आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. एकीकडे वरोऱ्याचं आनंदवन, दुसरीकडे भामरागड तालुक्यातलं हेमलकसा. माणसं तीच, जंगल तेच, अंगणात वाढलेली अस्वलं आणि बिबटेही तेच. नेहमीच्या वाचकाच्या डोक्यातही थोडी सरमिसळ होतेच. त्यामुळे बी.ए.च्या एका मुलाने प्रकल्पासाठी आणलेल्या छापील यादीत ‘नेगल’पुढे प्रकाश आमटे हे नाव दिसलं, तेव्हा मी काही न बोलता ते खोडून विलास मनोहर लिहिलं.

मग यादी खाली वाचत गेले. ‘गोईण’ डॉ. अभय बंग यांच्या नावावर होतं. गडचिरोलीच्या बायका आणि झाडं यांच्या नात्यावरचं हे पुस्तक डॉ. राणी बंग यांचं आहे, आणि ते वाचलेल्या कुणालाही ते एका बाईनेच लिहिलंय हे सांगावं लागत नाही. ‘नागझिरा’ मारुती चितमपल्लींच्या नावावर होतं. ते व्यंकटेश माडगूळकरांचं. त्याखाली चितमपल्लींची म्हणून आणखी दोन पुस्तकं होती. प्रकाशक, साल, पानांची संख्या, सगळं होतं. फक्त पुस्तकं नव्हती. आमच्या दाखल नोंदवहीत नाहीत, प्रकाशकाच्या सूचीत नाहीत. नागपूरच्या ज्या विक्रेत्याकडून आम्ही वर्षानुवर्षं खरेदी करतो, त्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, ह्या महिन्यात हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.”

मुलगा मात्र गोंधळला होता. “हे तर एआयनं दिलं जी. प्रकाशकाचं नाव बी आहे ना खाली.”

ती दोन नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिली, की हा लेख कधीतरी कुठल्यातरी संकेतस्थळावर चढेल, पुढचं यंत्र तो वाचेल आणि ‘चितमपल्ली’ या नावाशेजारी ती दोन शीर्षकं त्याला आणखी एकदा दिसतील. ती खोटी आहेत असं मी म्हटलंय, एवढं त्याच्या लक्षात राहीलच याची खात्री कोण देणार?

ही शीर्षकं सुचतात कशी, हे समजून घेतलं तर निम्मा घोळ उलगडतो. चॅटबॉटपाशी पुस्तकांचं कपाट नसतं. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, एवढं तो शिकलेला असतो. चितमपल्लींच्या खऱ्या पुस्तकांची नावं पाहा: ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘केशराचा पाऊस’, ‘चकवा चांदणं’. रान, पक्षी, पाऊस, चांदणं. त्या मुलाच्या यादीतली दोन्ही खोटी शीर्षकं याच चार-सहा शब्दांची उलथापालथ करून बनलेली होती. म्हणून तर ती खरी वाटतात. चितमपल्लींनी हे नाव ठेवलं असतं, असं पट्टीच्या वाचकालाही वाटून जाईल. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. हे पुस्तक माझं नाही, असं सांगायला आता ते नाहीत.

हे सगळं मराठीचंच दुखणं आहे असंही नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीच्याच संशोधकांनी सप्टेंबर २०२५मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यातले एक, ॲडम कलाई. त्यांच्या स्वतःच्या पीएचडी प्रबंधाचं शीर्षक एका प्रसिद्ध चॅटबॉटला विचारलं, तर त्याने तीन वेळा तीन वेगळी शीर्षकं दिली आणि तिन्ही चुकीची. निबंधातलं कारण मला शाळेतल्या परीक्षांमुळे लगेच पटलं. या यंत्रांची जी परीक्षा घेतात तिच्यात “माहीत नाही” या उत्तराला शून्य मार्क असतात आणि ठोकून दिलेलं उत्तर चुकून बरोबर आलं तर पूर्ण मार्क. मग कोरी जागा सोडेल कोण?

आता बरेच चॅटबॉट उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोध घेतात. त्याने फरक पडतो, पण वाटतो तितका नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने मार्च २०२५मध्ये अशी आठ साधनं तपासली. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचे उतारे देऊन प्रत्येकाला विचारलं, हा मजकूर कुठला, कुणी छापला. एकूण सोळाशे प्रश्न होते आणि साठ टक्क्यांहून अधिक उत्तरं चुकली. उतारा समोर होता, मूळ बातमी इंटरनेटवर होती, तरीही.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’ या वर्तमानपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी आली. पंधरापैकी दहा पुस्तकं जगात नव्हती. लेखक मात्र सगळे खरे, इसाबेल अलेंदेंसारखे जगभर वाचले जाणारे. यादी बाहेरच्या एका लेखकाने चॅटबॉटकडून करून घेतली होती आणि तपासली नव्हती. त्या आठवड्यात तिथल्या ग्रंथपालांच्या टेबलांवर काय झालं असेल, ते मला कुणी सांगायला नको.

जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहराचे पत्रकार मार्टिन बर्नक्लाऊ यांची गत याहून वाईट. वर्षानुवर्षं त्यांनी न्यायालयाच्या बातम्या लिहिल्या. २०२४मध्ये त्यांनी एका चॅटबॉटला स्वतःचं नाव विचारलं, तर ज्या गुन्ह्यांच्या बातम्या त्यांनी दिल्या होत्या त्या गुन्ह्यांचे आरोपी म्हणून त्याने त्यांनाच उभं केलं. बातमीखालचं नाव आणि बातमीतला गुन्हा शेजारी शेजारी होते, यंत्राने ते जोडून टाकले. हे वाचताना गडचिरोलीच्या वार्ताहरांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले. चकमक, भूसुरुंग, आत्मसमर्पण, अटक याच बातम्यांखाली ज्यांचं नाव वर्षानुवर्षं छापलं जातंय, त्यांच्या नावाशेजारी यंत्राला दुसरं काय दिसणार?

आपल्याकडे खोटं श्रेय ही काही नवी गोष्ट नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना मिसळली, ती निवडताना अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. तुकोबांच्या नावावरचे किती अभंग खरोखर तुकोबांचे, यावर वाद अजून आहेत. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ घातलं की अभंग तुकोबांचा, इतकं ते सोपं होतं. आणि व्हॉट्सॲप आल्यापासून तर पु. ल. देशपांडे, व. पु. काळे आणि कुसुमाग्रज हे तिघं हयात असताना लिहीत नव्हते इतकं आता लिहितात. सकाळच्या गुलाबाच्या चित्राखाली कुणाच्याही ओळी कुणाच्याही नावावर असतात.

पण ज्याने स्वतःच्या अभंगात तुकोबांचं नाव घातलं, त्याचा तुकोबांवर जीव होता. आपली ओळ त्यांच्या नावाने टिकावी असं त्याला वाटत होतं. व्हॉट्सॲपवर पुलंचं नाव टाकणाऱ्यालाही, चार जणांनी वाचावं म्हणून आपण हे करतोय, हे ठाऊक असतं. दोन्हीकडे कुणीतरी माणूस आहे आणि त्याचा काही हेतू आहे. चॅटबॉटला हेतूच नाही. शिवाय तो ते प्रत्येकाला वेगळं सांगतो. व्हॉट्सॲपवरची खोटी कविता हजार लोकांना तीच जाते, मग त्यातला एखादा जाणकार ओरडतो. माझ्या वाचनालयातल्या मुलाला मिळालेली यादी जगात फक्त त्यालाच मिळाली होती. ओरडणार कोण?

चिमूर आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. १६ ऑगस्ट १९४२ला तिथे ब्रिटिशांविरुद्ध जे पेटलं, त्यामागे तुकडोजी महाराजांची भजनं होती, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५ची, एकेचाळीस अध्यायांची. ती न वाचलेला माणूस इथे सापडेल, पण तिच्या ओव्या भिंतीवर न पाहिलेला सापडणार नाही. तरी अकरावीतल्या एका मुलीच्या भाषणात ग्रामगीतेतली ओवी संत तुकारामांच्या तोंडी घातलेली होती आणि पुढे सतराव्या शतकातल्या देहूचं वर्णन. तिने फोन पुढे केला, त्यात अगदी तसंच होतं. तुकाराम आणि तुकड्या, दोघंही ‘म्हणे’ म्हणणारे, दोघंही महाराज. तीनशे वर्षांचं अंतर यंत्राने एका वाक्यात मिटवलं. भाषण ऐकायला तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले म्हातारे पहिल्या रांगेत बसणार होते, म्हणून मी तिला खाली बसवून ग्रामगीता उघडून दिली. ओवी सापडायला दहा मिनिटं लागली नाहीत.

हे सगळं मी पाहिलं, तरी मला एकदा मुळापाशी जाऊन पाहायचं होतं. माझे सासरे सिंदेवाहीकडचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले; धानाची शेती करायचे. सही सोडून त्यांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलं असेल असं वाटत नाही. मी चॅटबॉटला त्यांचं पूर्ण नाव दिलं आणि विचारलं, झाडीपट्टीतल्या या साहित्यिकांबद्दल माहिती दे. ‘साहित्यिक’ हा शब्द मी घातला होता, बाकी सगळं त्याने घातलं. माझ्या सासऱ्यांच्या नावावर तीन कादंबऱ्या आल्या, एक कवितासंग्रह, एक राज्य पुरस्कार. त्यांच्या लेखनात “ग्रामीण जीवनाचं वास्तव आणि निसर्गाचं हळुवार चित्रण” आढळतं असं कळलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हळुवार? बैलाले कसा मारत होता तो!” मग मी नवीन खिडकी उघडून तोच प्रश्न विचारला. कादंबऱ्या दोन झाल्या, नावं बदलली, पुरस्कार गेला.

हीच युक्ती आता मी मुलांना शिकवते. तोच प्रश्न वेगवेगळ्या वेळी, कोरी खिडकी उघडून विचारायचा. खरं असलेलं उत्तर सहसा तेच राहतं, रचलेलं हलतं. मग प्रश्न उलटा करायचा. लेखकाचं नाव न घेता फक्त पुस्तकाचं नाव देऊन लेखक कोण ते विचारायचं. तरीही यंत्राच्या साक्षीवर यंत्राला सोडायचं नाही. पुस्तक हातात घ्यायचं, शीर्षकाचं पान उलटून मागचं पान वाचायचं. तिथे बाहेरच्या मुखपृष्ठावर न दिसणारी माणसंही भेटतात. ‘प्रकाशवाटा’ प्रकाशभाऊंची, पण शब्दांकन सीमा भानू यांचं आहे. हे नाव चॅटबॉट क्वचितच सांगतो आणि खरं म्हणजे आपले वाचकही सांगत नाहीत.

‘गोईण’ची चूक मला सगळ्यात जास्त खुपली. ‘गोईण’ आहे, लिहिणारी बाई आहे, गडचिरोलीत तिचं १९८६पासून काम चालू आहे. तरी श्रेय वळलं ते नवरा-बायकोच्या जोडीतल्या ज्या नावावर जास्त मजकूर आहे तिकडे. यंत्राला शंका आली की ते मोठ्या नावाकडे झुकतं, कारण ते नाव त्याने जास्त वेळा पाहिलेलं असतं. सुरेश द्वादशीवारांची ‘हाकुमी’ उद्या आणखी कुणाची होईल. मोठ्या लेखकाच्या नावावर चार नसलेली पुस्तकं चढली तर त्याची चिडचिड होईल, एखादा खुलासा छापून येईल. ज्याचं एकच पुस्तक आहे त्याचं ते एक दुसऱ्याच्या नावावर गेलं की तो माणूस लेखक म्हणून उरत नाही.

आणि आमच्या भागात एकच पुस्तक असलेले लेखक पुष्कळ आहेत. त्यांचं लेखन यंत्रापर्यंत पोचलेलंच नसतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा इथल्या छापखान्यांत वर्षानुवर्षं मजकूर जुळवला गेला तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत. त्याची पीडीएफ इंटरनेटवर टाकली तरी पडद्यावर मराठी दिसतं आणि आत इंग्रजी अक्षरांचा भुसा असतो. शोधयंत्राला त्यातलं एक नाव सापडत नाही. दिवाळी अंक, स्मरणिका, झाडीबोली संमेलनांच्या पुस्तिका कपाटात पडून राहतात. झाडीपट्टीच्या या बोलीवर हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं. २०११मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून मुलं या विषयावर प्रकल्प करू लागली आणि माझ्या टेबलावर त्यांच्या याद्या येऊ लागल्या. या विषयाच्या याद्यांत निम्मी नावं पुण्या-मुंबईची असतात. झाडीबोलीत त्या लेखकांनी एक ओळ लिहिलेली नाही.

कायदा काय म्हणतो? १९५७च्या प्रताधिकार कायद्यात कलम ५७ आहे. हे माझं आहे असं सांगण्याचा आणि मजकुराची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क ते लेखकाला देतं. हे माझं नाही, माझ्या नावावर घालू नका, असं म्हणण्यासाठी ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात स्वतंत्र कलम आहे, चौऱ्याऐंशीवं. आपल्या कायद्यात तसं वेगळं कलम नाही. बदनामीचा दावा करता येईल, पण चितमपल्लींच्या नावावर पाखरांवरचं एक गोड पुस्तक चढलं तर त्यात बदनामी कसली? न्यायालयांना या रोगाची झळ लागली आहे ती वेगळ्या वाटेने. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले तीन निकाल कधी लागलेच नव्हते. तिथे विरुद्ध बाजूला वकील होता, त्याने निकाल शोधले आणि ते सापडले नाहीत. साहित्यात विरुद्ध बाजूला कुणी नसतं.

नाटकांची तर तऱ्हाच न्यारी. दिवाळी झाली की झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो. मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. वडशात कंपन्यांची कार्यालयं ओळीने लागलेली असतात. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी थोडी दखल घेतली. पण या नाटकांच्या संहिता छापल्या जात नाहीत. हस्तलिखिताची झेरॉक्स असते, नटांपुरती. लेखकाचं नाव असतं ते पोस्टरवर, नटनट्यांच्या फोटोंखाली, आणि पोस्टर हंगाम संपला की भिंतीवरून उतरतं. चॅटबॉटला झाडीपट्टीतल्या एखाद्या गाजलेल्या नाटकाचा लेखक विचारा; तो बेधडक मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवरचं एखादं नाव सांगेल.

म्हणून दोन हंगामांपासून आम्ही पोस्टरं जमवतोय. यादी बनवणारा तोच बी.ए.चा मुलगा आता मोटरसायकलवरून गावोगाव हिंडतो, पोस्टरचा फोटो काढतो आणि एका नोंदवहीत लिहितो: नाटक, लेखक, कंपनी, गाव, तारीख. एकाच नावाची दोन नाटकं दोन लेखकांची निघतात, तेव्हा दोन ओळी. लेखकाचं नाव पोस्टरवर नसेल तर तो कंपनीच्या मालकाला फोन करतो आणि उत्तर मिळेपर्यंत रकाना रिकामा ठेवतो.

ही नोंद युनिकोडमध्ये टाइप करून इंटरनेटवर टाकावी, असं आमचं ठरत होतं. पोस्टर हा पुरावा म्हणून मराठी विकिपीडियाला चालेल का, यावर आमचा खल झाला. मग वडशाच्या एका कंपनीमालकांनाच मी विचारलं. ते माझ्यावर उखडले. “ताई, नाटकाचं नाव अन् लेखक तुम्ही जगाले सांगान, तर पुढच्या हंगामात तेच नाव घेऊन दुसरा उभा राहीन अन् माहा लेखक पळवून नेईन. यंत्र चुकलं तर चुकू द्या ना. माही संहिता माह्या पेटीत आहे.” शेजारी बसलेले त्यांचे लेखक तोवर गप्प होते. मालक चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “पण मॅडम, माहं नाव टाकाले किती दिवस लागतीन?”

लेखकांची नावं टाकायची, संहितेतलं काही टाकायचं नाही आणि चालू हंगामातलं नाटक पुढचा हंगाम लागेपर्यंत वहीतच ठेवायचं, एवढ्यावर सध्या सौदा झाला आहे. टायपिंग मुलगा करतोय. ‘नेगल’चा लेखक कोण, ते आता त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो.